गाडी हवा घेते

आमच्या आदिलाबादकडे दिवाळीचे दिवस म्हणजे कापसाचे दिवस. दारात पणत्या लागतात त्याच सुमारास मार्केट यार्डापुढे गाड्यांच्या रांगा लागतात. पूर्वी त्या बैलगाड्यांच्या असत, आता ट्रॅक्टर आणि टेम्पोंच्या असतात. जिनिंगची यंत्रे रात्रंदिवस घरघरत राहतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना रुईचे तंतू लटकतात. उत्तरेला पैनगंगा. तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ पासून तेलंगणात आहोत. पाट्यांवरची लिपी बदलली, पण घरातले बोलणे आणि शेतातला कापूस काही बदलला नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात भाव जिकडे बरा तिकडे कापूस रात्रीचा नदी ओलांडत असे, हे दोन्ही काठांवरच्या माणसांना ठाऊक आहे.

कापूस आला म्हणजे ट्रक आला. आणि ट्रक आला म्हणजे मालक, ड्रायव्हर आणि डिझेल या तिघांचा संसार आला. या संसारात भांडण बहुधा तिसऱ्यावरून होते. मी आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवले. ट्रकशी माझा संबंध एवढाच, की माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एका ट्रकचे मालक होते आणि त्यांच्या हिशोबाच्या वह्या दर महिन्याला माझ्याकडे येत. पण १९९६ च्या हंगामात त्या ट्रकने मला जे शिकवले, ते मी पुढे वर्गात अनेकदा नाव न घेता सांगितले. आज सविस्तर सांगतो.

गाडी होती टाटाची १२१०, तेव्हाच बरीच जुनी झालेली. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली, आणि त्याच वंशातले ६९७ नावाचे इंजिन पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानचा माल ओढत राहिले. या आकड्याचा अर्थ मला एका मिस्त्रीने सांगितला तेव्हा गणिताच्या मास्तराला फार आनंद झाला. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ६९७. त्याला १२८ मिलिमीटरचा स्ट्रोक. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून गुणाकार केला की पावणेसहा लिटरच्या जरा आत उत्तर येते.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की भडका उडतो. तेव्हा सगळी करामत त्या फवाऱ्याची. टाकीतून डिझेल ओढून घ्यायचे काम फीड पंपाचे. तो साधारण किलो-दीड किलोच्या दाबाने ते फिल्टरमधून पुढच्या मोठ्या पंपाकडे ढकलतो. मोठा पंप ते नोझलकडे इतक्या जोराने रेटतो की सुमारे २०० किलोचा दाब झाल्यावर नोझलची सुई उचलली जाते आणि फवारा सुटतो. हे सगळे एका अटीवर चालते. नळीत फक्त डिझेल पाहिजे, हवा नको. डिझेल दाबले जात नाही, म्हणून एका टोकाला रेटले की दुसऱ्या टोकाला सुई उचलते. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा रेटा त्या बुडबुड्याला आवळण्यात जातो, दाब दोनशेपर्यंत चढतच नाही आणि इंजिन गप्प बसते. ड्रायव्हर लोक याला म्हणतात, ‘गाडी हवा घेते.’

आता चोरीचे. डिझेल चोरी ही काही मालकांच्या मनातली भुते नव्हेत. इंधनाच्या काळ्या धंद्याचे पाय कुठवर पोचतात ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिले. मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रस्त्यावरच्या ढाब्यामागे नळी लावून दहा-वीस लिटर काढून देणे तर त्याहून फार जुने. मोठेबाबांचा एक ड्रायव्हर पूर्वी अशा कामात सापडलाही होता. म्हणून त्यांनी टाकी उतरवून तिच्या तोंडात लोखंडी जाळी वेल्डिंग करून बसवली होती. आत नळी जाऊ नये हा हेतू. नळी गेली नाही हे खरे. पण त्याचबरोबर डिझेल किती आहे ते पाहायची लाकडी पट्टीही आत जाईना. डॅशबोर्डावरचा काटा तर केव्हाच मेला होता.

नवा ड्रायव्हर बेल्याकडच्या एका गावचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, विडीसुद्धा गाडीपासून दहा पावले लांब जाऊन ओढणारा. आम्ही पोरे त्याला मामा म्हणत असू. दसऱ्यानंतर गाडी कामाला लागली. आदिलाबादेतून रुईच्या गाठी भरायच्या, पैनगंगेचा पूल, पाटणबोरी, पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट, जांब, बुटीबोरी आणि नागपूर. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. त्या काळी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग सात होता, आता तो चव्वेचाळीस आहे. मोठेबाबांचा हिशोब सरळ होता. टाकी १६० लिटरची, गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे एका टाकीत सहाशे किलोमीटर कुठे गेले नाहीत. सहाशे झाल्याशिवाय पंपावर गाडी लावायची नाही, हा हुकूम.

गाडी चारशे चाळीसच्या आसपास बंद पडू लागली. पहिल्यांदा पडली ती इच्चोड्याच्या पुढे, निर्मलकडे जाताना. आधी इंजिनाचा आवाज वर-खाली, वर-खाली होई, मग दोन-चार आचके, आणि शांत. मामाने क्लीनरला पाठवून वीस लिटरचा डबा आणवला, ओतला, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारमारून हवा काढली, आणि गाडी निघाली. घरी येऊन त्याने डब्याचे पैसे मागितले.

“फुल टाकी दिली होती लेका तुले,” मोठेबाबा म्हणाले.

“मालक, गाडी हवा घेऊन राह्यली,” मामा म्हणाला.

मोठेबाबांनी ऐकले नाही असे नाही. त्यांनी मिस्त्री लावले. एकाने फिल्टर बदलले. दुसऱ्याने नळ्यांच्या जोडावरचे तांब्याचे वायसर नवे घातले, फीड पंपाचे व्हॉल्व्ह घासले. मोठा पंप उतरवून नागपूरला दाखवून आणला, त्यात काही सापडले नाही. दर वेळी दुरुस्तीनंतर टाकी फुल करायची, गाडी पंचवीस-तीस किलोमीटर फिरवून आणायची, आणि दर वेळी गाडी वाऱ्यासारखी पळायची. मिस्त्री हात पुसत म्हणायचे, गाडीत काही नाही.

मग पंपावरच्या पोरांनी आणखी एक भर घातली. टाकी पूर्ण घेत नाही, म्हणाले. वीस लिटरचा डबा ओतून, गाडी तशीच पंपावर आणून भरायला लागले, की नव्वद लिटरवर डिझेल जाळीतून उसळून फेसासकट बाहेर येई. सगळ्यांना वाटले, जाळीमुळे हवा बाहेर पडायला वाव नाही, म्हणून टाकी अर्धवट भरते. मोठेबाबा स्वतः पंपावर जाऊन उभे राहिले. हळूहळू धार सोडायला लावली, फेस बसू दिला, पुन्हा सोडली. नव्वदच्या आगेमागेच डिझेल तोंडाशी आले आणि तिथेच उभे राहिले. म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरली होती, यात शंका उरली नाही. आणि तीच टाकी घेऊन गाडी पुन्हा चारशे चाळीसवर बंद पडली. दोनशे किलोमीटरचे, म्हणजे पन्नास लिटर डिझेल मधल्या मधे नाहीसे झाले.

त्या दिवशी मार्केट यार्डातल्या चहाच्या हॉटेलात, अडते, हमाल आणि दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर बसलेले असताना, मोठेबाबांनी मामाला चोर म्हटले. दीडशे लिटरचे पैसे आधीच पगारातून कापले होते, तेही सगळ्यांपुढे सांगितले. मामा एवढेच म्हणाला, “मी नाही इकलं, मालक.” चावी टेबलावर ठेवली आणि बेल्याच्या गाडीत बसून गावाला गेला. ड्रायव्हरची सारी पुंजी त्याचे नाव असते. यार्डात एकदा ‘तेल विकतो’ असा शिक्का बसला की दुसरा मालक चावी देत नाही. त्याची एक मुलगी लग्नाची होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

रात्री वही माझ्याकडे आली. मोठेबाबांना कापलेल्या पैशांची नोंद हवी होती. मी पंपाच्या चिठ्ठ्या आणि मालाच्या बिल्ट्या शेजारी शेजारी मांडल्या. दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंत, डबे धरून, ७६५ लिटर डिझेल विकत घेतले होते. गाडी चालली होती ३,०५० किलोमीटर. मीटरवर भरवसा नको म्हणून बिल्ट्यांवरून खेपा मोजल्या, आकडा जुळला. भागाकार केला तर लिटरला चार, जेमतेम. मोठेबाबांचाच आकडा.

मी त्यांना म्हटले, “मोठेबाबा, गाडी सात वेळा बंद पडली. सातही वेळा पन्नास-पन्नास लिटर विकलं असं धरू. साडेतीनशे लिटर गेलं. उरलं ४१५. त्यात गाडी तीन हजार पन्नास किलोमीटर गेली. म्हणजे लिटरला सातच्या वर. गाठी भरलेली आपली गाडी लिटरला सात देते का?”

ते काही बोलले नाहीत. मी दुसरी चिठ्ठी पुढे केली. “आणि हे बघा. गाडी बंद पडली तेव्हा टाकी रिकामी होती म्हणता. वीस लिटर ओतलं. मग पंपावर तिनं एकशे चाळीस घ्यायला पाहिजे होतं. घेतलं नव्वद. चोरी झाली असती तर टाकीनं जास्त तेल घेतलं असतं. ही तर कमी घेते. बाकीचं पन्नास आधीच आत होतं.”

“आत होतं तर गाडी बंद कायले पडली?” त्यांनी विचारले. याचे उत्तर गणितात नव्हते.

ते मिळाले यार्डाच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. पत्र्याची टपरी, भिंतीला जुन्या नोझलांची माळ, आणि हात डिझेलने कायमचे काळे. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही, आधी मला प्रश्न विचारले. “मास्टरसाब, बंद पडती तो धीरे धीरे दम छोडती, या झटके खाती?” मी सांगितले, आवाज वर-खाली होतो, मग आचके. “थोडी देर खडी रखे तो अपने आप चालू होती?” नाही, हवा काढावी लागते. “ढक्कन खोले तो हुश्श करती?” नाही.

मग त्यांनी मला नीट समजावले. टाकीतून डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. ते चिखलाने, रुईने बुजले की टाकीत ओढ निर्माण होते, गाडी हळूहळू दम सोडते. झाकण उघडले की हुश्श असा आवाज येतो, आणि थोडा वेळ थांबले की ती पुन्हा सुरू होते. ही तक्रार ती नव्हे. ही हवा नळीत शिरते आहे. कुठून, एवढेच शोधायचे. आणि शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला जो दोन महिन्यांत कोणी विचारला नव्हता. “बंद पडती तब टंकी में तेल कित्ता रहता?”

जाळीमुळे ते कोणालाच माहीत नव्हते.

“फुल टंकी पे नहीं देखना,” उस्ताद म्हणाले. “बीमार को बीमारी में देखना.” त्यांनी आपला पोरगा गाडीवर बसवला आणि गावाजवळच्या खेपा मारायला लावल्या, म्हणजे गाडी जवळच कुठे तरी पडावी. सांगून ठेवले की बंद पडल्यावर थेंबभर डिझेल घालायचे नाही. तिसऱ्या दिवशी ती मावल्याजवळ थांबली. उस्ताद, मोठेबाबा आणि मी जीपने गेलो.

उस्तादांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडवली. पाच लिटरच्या डब्यात डिझेल घेऊन तो केबिनच्या खिडकीला बांधला आणि त्यातून एक वेगळी नळी फीड पंपाला जोडली. हातपंप मारला. फिल्टरच्या स्क्रूपाशी आधी फेस आला, मग फुटक्या बुडबुड्यांची धार, मग काचेसारखे सलग डिझेल. स्क्रू आवळला, चावी दिली. इंजिन लागले आणि एकसारख्या आवाजात पाव तास चालत राहिले. फिल्टर, फीड पंप, मोठा पंप, सहाही नोझल, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. दोष उरला तो टाकी आणि ती सोडलेली नळी यांच्यात.

मग ते गाडीखाली शिरले आणि टाकीच्या तळाचे बूच पान्याला पाइप लावून सैल केले. खाली डबा धरला. धार लागली. आधी गढूळ पाणी आणि गंज, मग स्वच्छ डिझेल. वीस लिटरचा डबा भरला. दुसरा भरला. तिसरा अर्धा झाल्यावर धार तुटली. मोठेबाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी डबे मोजले, पुन्हा मोजले, आणि टोपी काढून हातात धरली.

टाकीच्या वरची पट्टी उघडून ओढनळी बाहेर काढली तेव्हा तळापासून वीतभर कमी उंचीवर, आधाराच्या पट्टीपाशी, तिला केसासारखी चीर दिसली. जाळी बसवताना टाकी उतरवली, नळी ओढून काढली आणि वाकवून परत घातली, तेव्हाच ती दुखावली असावी. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत चिरेतूनही डिझेलच येई आणि गाडी उत्तम चाले. पातळी चिरेखाली गेली की नळी खालचे डिझेल ओढण्याऐवजी चिरेतून हवा ओढी. डब्यातले वीस लिटर ओतले की पातळी पुन्हा चिरेवर. म्हणून डबा ओतला की गाडी चाले, म्हणून टाकी नव्वदच घेई, आणि म्हणून फुल टाकीवर तपासणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला ती निरोगी दिसे. भरण्याची तक्रार आणि दाबाची तक्रार अशा दोन वाटत होत्या. मूळ एकच होते. पन्नास लिटर डिझेल कुठेही गेले नव्हते. चोर येऊ नये म्हणून लावलेल्या जाळीच्या आत ते दोन महिने सुरक्षित बसून होते.

नवी नळी बसायला अर्धा दिवस लागला. मोठेबाबा दुसऱ्या दिवशी बेल्याला गेले, मला बरोबर घेऊन. कापलेले पैसे रुमालात बांधून नेले होते. मामाने पाणी दिले, चहा दिला, पैसे मोजून घेतले. मोठेबाबा म्हणाले, “चाल, गाडी उभी आहे.”

मामा म्हणाला, “मालक, इथं मले कोनी चोर म्हटलं नाही. जिथं म्हटलं तिथं बोला.”

मोठेबाबा साठीचे, यार्डात त्यांचा शब्द चालायचा. दुसऱ्या सकाळी त्याच हॉटेलात, तशीच माणसे बसलेली असताना, ते उभे राहिले आणि म्हणाले, “डिझेल टाकीतच होतं. हा मानूस खरा बोलत होता.” एवढेच बोलले. पण त्या माणसाला तेवढेच हवे होते. मामाने टेबलावरची चावी उचलली. त्याने होळीपर्यंत, हंगाम संपेपर्यंत गाडी चालवली. मग हिशोब करून निघाला. मोठेबाबांनी राहा म्हणून सांगितले, पगार वाढवतो म्हणाले. तो नाही म्हणाला आणि कारण सांगितले नाही. यार्डातल्याच एका मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी चावी दिली. मोठेबाबांनी जाळी कापून काढली आणि लाकडी पट्टीवर दहा-दहा लिटरच्या खुणा स्वतः चाकूने कोरल्या.

आता काळ बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. त्यांच्या एकाच सामाईक नळीत दीड हजार किलोच्याही वर दाब असतो, आणि बिघाड झाला की मिस्त्री हातपंप मारण्याआधी कॉम्प्युटर जोडतो. टाकीत सेन्सर असतो, मालकाला घरबसल्या मोबाइलवर पातळी दिसते. माझे काही जुने विद्यार्थी ट्रकमालक आहेत. त्यांचे फोन येतात. “सर, निर्मलच्या घाटात एकदम तीस लिटर उतरलं, ड्रायव्हरनं काढलं असणार.” मी विचारतो, गाडी चढावर होती का, टाकीत तेल एका बाजूला सरकलं असेल का, सपाटीवर आल्यावर आकडा परत चढला का. कधी चढलेला असतो. कधी नसतो, आणि तेव्हा चोरी खरी निघते. तसेही दिवस असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण मी त्यांना तीन गोष्टी करायला लावतो. महिन्याच्या चिठ्ठ्या आणि बिल्ट्या मांडून भागाकार करा. टाकी रिकामी झाली म्हणता तर पुढच्या वेळी तिने किती घेतले ते पाहा. आणि गाडी बंद पडली असेल त्या जागी, त्या स्थितीत, काही न घालता तपासा. तिन्हींना मिळून एक दिवस जातो. पगार कापायच्या आधी तेवढा दिवस द्यावा, आणि तळाचे बूच एकदा उघडून पाहावे.